जुन्या दप्तराचे डिजिटल छायांकन (वर्धा जिल्हा)

वंशावळ जुळवण्यासाठी महसुली, शालेय आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने प्रत घेण्याची पद्धत. वर्धा जिल्ह्यात तिची गरज मुख्यतः जात पडताळणीसाठी पडते. रहिवासासाठी आधार धरला जाणारा मानीव दिनांक अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 असा आहे. त्याआधीचा पुरावा लागत असल्याने अर्जदाराला आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जावे लागते.

जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि 1956 पर्यंत आधी मध्य प्रांतात व पुढे जुन्या मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे इथले दप्तर पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहे. जमाबंदीच्या वेळचे मिसल बंदोबस्त, 1951 मध्ये मालगुजारी (जमीनदारी) संपल्यानंतर तयार झालेली अधिकार अभिलेख पंजी आणि शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर ही त्यातली प्रमुख साधने. शोध घेताना मौजाच्या नावासोबत बंदोबस्त नंबर आणि पटवारी हलका टिपून ठेवावा. एकाच नावाची गावे अनेक आहेत, आणि पूर्वजांचे गाव आज रिठी म्हणजे ओसाड झालेले असू शकते.

या सगळ्यांत मोलाचे साधन म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. गावात कोण जन्मले, कोण वारले, हे कोतवाल ठाण्यावर जाऊन कळवी. हे काम बहुधा महार समाजातील माणसाकडे असे. मिसलीत नाव यायला जमिनीशी संबंध लागतो. कोतवाल बुकात भूमिहीन मजुराचे मूलही आहे, आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रातून सहसा गळणाऱ्या मुलीही आहेत. अनेक कुटुंबांचा त्या काळातला लेखी माग एवढाच. मात्र बाळाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून एका ओळीचा फोटो पुरत नाही. मुखपृष्ठ, वर्षाचे पान, पानाचा क्रमांक, रकान्यांची शीर्षके आणि मागच्या-पुढच्या नोंदी यांसह पूर्ण पान घेतले तरच नोंद कोणत्या गावची, कोणत्या सालची, हे ठरते.

जाड बांधणीचे रजिस्टर झेरॉक्ससाठी काचेवर दाबले की शिवण उसवते आणि ठिसूळ कडा तुटतात. कॅमेऱ्यासाठी पान दाबावे लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. फ्लॅश बंद ठेवावा, उजेड खिडकीचा, बाजूने येणारा असावा. कॅमेरा पानाला समांतर धरून थोडा दूर ठेवावा व झूम करावे. फार जवळून घेतल्यास कडेच्या ओळी वाकतात. मागची शाई पुढे उमटली असेल तर पानाखाली काळा कागद सरकवावा, पुढची अक्षरे उठून दिसतात. पुसट पेन्सिलीसाठी उजेड अगदी तिरपा हवा. फोटो रंगीतच काढावा. वेगळ्या शाईने जातीत केलेली खाडाखोड काळ्या-पांढऱ्या प्रतीत लपते, आणि पडताळणीत दक्षता पथक नेमके तेच पाहते. फाइलला लगेच तालुका, मौजा, साल आणि पान असे नाव द्यावे.

असा फोटो हा पुरावा नव्हे. अभिलेख कक्षातून मिळणारी प्रमाणित नक्कलच ग्राह्य धरली जाते. फोटोमुळे नक्कल नेमक्या पानाची मागता येते. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मुळे अभिलेखाची पाहणी करता येते व टिपणे घेता येतात. फोटोसाठी मात्र अभिलेखपालाची परवानगी आधी घ्यावी. पानावर शेजाऱ्यांच्याही जाती असतात. ते पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे अनुचित आहे.

2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासंबंधीच्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा सरकारी शोध सुरू झाला आणि राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. तेव्हा जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांची चणचण जाणवली. छायाचित्र इथेही उपयोगी पडते, कारण मोडीतील जोडून लिहिलेले अक्षर पडद्यावर मोठे करून सावकाश लावता येते आणि तीच प्रत दूरच्या जाणकाराला पाठवता येते. सरकारी दप्तरापलीकडे जायचे तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत. त्या खासगी वह्या असून परंपरेने त्या घराण्यांकडेच राहतात. तिथे कॅमेरा काढण्याआधी त्यांची संमती घ्यावी लागते.