राखून न ठेवलेला डाव

आमच्या आपट्याला दसऱ्याचे अप्रूप जरा अधिकच. ज्या झाडाची पाने सोने म्हणून लुटायची, तेच गावाचे नाव! त्या दिवशी पाताळगंगेच्या काठी आम्ही पोरे काठ्यांनी लढाई खेळत असू. एकदा एक म्हातारा कौतुकाने पाहत होता. जाताना म्हणाला, "शिका, पण ध्यानात ठेवा, वस्ताद एक डाव राखून ठेवतो!" शिष्य उलटला तर त्याला चीत करायला म्हणून तो डाव. मला ते मोठे शहाणपणाचे वाटले होते.

पुढे इतिहास वाचू लागलो आणि ह्या शहाणपणाविषयी शंका आली. कर्नाळ्याच्या सुळक्यापलीकडे शिरढोण. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यास नोकरीला असताना त्यांना शस्त्रविद्या लाभली ती लहुजी वस्ताद साळव्यांकडून.

लहुजींचे वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत पडले. पुढल्या वर्षी पेशवाई बुडाली. ज्या फौजेसाठी ही विद्या, ती फौजच उरली नाही. तेव्हा लहुजींनी पुण्यात गंज पेठेत तालीम घातली. मांग जातीच्या ह्या वस्तादापुढे माळ्याचा मुलगा उभा राहिला, ब्राह्मणाचाही राहिला.

दांडपट्टा मोठे अवघड हत्यार. हात खोबळ्यात अडकलेला. मनगट वळवायला वाव नाही. फेक यावी लागते खांद्यातून आणि पावलांतून. हे पोथी वाचून येत नाही. समोर शिकवणारा उभा लागतो. अशा विद्येत प्रत्येक पिढीने एकेक डाव राखला, तर चार पिढ्यांनी उरावे काय?

तालमीतला तो माळ्याचा मुलगा म्हणजे जोतीराव फुले. लहुजींपाशी शिकल्याचे त्यांनी स्वतःच 'गुलामगिरी'त, १८७३ साली, नमूद केले आहे. १८४८ पासून त्यांनी शाळा काढल्या, तेव्हा वस्ताद पाठीशी उभे राहिले. लहुजींच्याच घराण्यातील मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. गुरूच्या तालमीत नव्हते ते हत्यार शिष्याने गुरूच्याच घरी पोचवले!

वासुदेव बळवंतांची वाट वेगळी. १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले. जुलैत ते पकडले गेले. एडनच्या तुरुंगातच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. बरोबर दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेस लहुजी गेले होते. शिष्याची काळ्या पाण्याची शिक्षा म्हाताऱ्या वस्तादाला कानांनी ऐकावी लागली. शिकवले सगळे, पण त्याला वाचवणारा डाव त्यांच्यापाशीही नव्हता.

मग तालीम वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. दोघेही शिष्य वस्तादाच्या पुढे गेले, आणि वस्तादाने त्यांना अडवले नाही.

दसऱ्याला गावी गेलो की नातवंडे काठी घेऊन मागे लागतात. मला येते थोडेच. पण येते तेवढे सगळे दाखवतो.