निरोपाचा प्रवास : तारेपासून भ्रमणध्वनीपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी भगिनींना उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातल्या खोल गोष्टी सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जी वस्तू आज आपल्यापैकी बहुतेकींच्या पिशवीत आहे, ती कोठून आली आणि तिने आपले काय केले, एवढे पाहण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

सातारा हा शिपायांचा जिल्हा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. आपल्या भागातले जे फौजेत गेले नाहीत, त्यांतले पुष्कळजण मुंबईच्या गिरण्यांत गेले. मागे उरली ती बायको, म्हातारी माणसे आणि शेती. अशा घरांत निरोपाची किंमत काय असते, ते सांगावयास नकोच.

पण तो निरोप बाईच्या हाती कधीच थेट येत नसे. पत्र यायचे ते पोस्टमनने किंवा शाळेतल्या मुलाने वाचून दाखवायचे. उत्तर लिहून घ्यायचे तेही दुसऱ्याकडूनच, आणि सासूसासऱ्यांच्या देखत. मग मनातले काय सांगणार? ‘इकडे सर्व खुशाल आहे’ एवढ्यावरच पत्र संपे. दुखणे, भांडण, पैशाची ओढ, सारे त्या एका ‘खुशाल’ शब्दात झाकले जाई. आणि तार आली म्हणजे तर ती फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ही तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

टेलिफोन आपल्या देशात तसा जुना आहे. मुंबईत १८८२ सालीच टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. पण तो साहेबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढीवरचा. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, आणि तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्ये बोले. एका गावाहून दुसऱ्या गावी थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., १९६० साली प्रथम लखनौ व कानपूर या शहरांत झाली. पुढे १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिने खेड्यातल्या उन्हात व धुळीतही चालणारी देशी एक्स्चेंजे तयार केली. मग एस.टी. स्टँडवर, बाजारपेठेत पिवळ्या पाटीची बूथ दिसू लागली. माझ्या वयाच्या बायकांना ती चांगली आठवतात. रात्री दर कमी होई म्हणून जेवणे आटोपून तेथे रांग लागे. माहेरी बोलायचे, पण नजर सारखी समोर पळणाऱ्या आकड्यांवर! आणि आपले बोलणे मागची माणसे ऐकत आहेतच. म्हणजे पोस्टमन गेला आणि त्याच्या जागी बूथवाला आला, इतकेच.

आता तारेवाचूनचा फोन. चालता-फिरता बोलण्याचा हा फोन ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर या इंजिनियराने प्रथम वापरून दाखविला. त्याचे वजन किलोभराहून अधिक होते. त्यामागची कल्पना त्याहून जुनी, १९४७ सालची, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतली. ती अशी, की सगळ्या मुलखाला एकच मोठा मनोरा पुरत नाही. म्हणून मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे मुलखाची लहान लहान घरे पाडावयाची आणि प्रत्येक घराला आपला स्वतंत्र मनोरा द्यावयाचा. आपण एस.टी.त बसून साताऱ्याहून कऱ्हाडकडे बोलत निघालो, तर आपले बोलणे एक मनोरा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. उन्हाळ्यात आडावर बायका रांग करून भरली घागर हातोहात पुढे देतात, तसाच हा प्रकार. घागर हलते, पण पाणी सांडत नाही. मध्ये डोंगर आला, की मात्र रांग तुटते. कोयनेच्या खोऱ्यातल्या भगिनींना हे अधिक सांगावयास नको.

अशा घरांचे पहिले सार्वजनिक जाळे १९७९ साली जपानात टोकियो येथे सुरू झाले. भारतात पहिले बोलणे झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईतही ही सेवा आली. पण दर ऐकून छाती दडपावी! मिनिटाला आठ रुपयांपासून सोळा रुपयांपर्यंत, आणि दुसऱ्याचा फोन आपण घेतला तरी पैसे आपल्यालाच. साहजिकच ती श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू ठरली.

आपल्या घरात हा फोन आला तो २००३ नंतर. त्या वर्षापासून आलेल्या फोनाचे पैसे पडेनासे झाले. आणि येथे बायकांनी आपले डोके चालविले. फोन लावायचा आणि पलीकडून उचलण्याच्या आत तोडायचा. हा मिस्ड कॉल. एक वाजला म्हणजे ‘सुखरूप पोहोचले’, दोन वाजले म्हणजे ‘तूच फोन कर’. पैसा खर्च न होता निरोप पोहोचला. ही युक्ती कोणा इंजिनियराने शिकविली नव्हती.

कामाच्या दृष्टीनेही पाहू. वारणाकाठच्या सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांत १९९८ साली ऊसकऱ्यांसाठी संगणकाची केंद्रे उघडली गेली. उसाचे वजन किती भरले, बिल किती निघाले, हे गावातच कळावे, हा हेतू. परंतु वीज जाई, यंत्र बिघडे. तेव्हा २००७ च्या सुमारास सात गावांत एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या फोनवरून एस.एम.एस. पाठवायचा आणि माहिती मिळवायची. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्यांना आवडला. मोठ्या यंत्राला जे जमले नाही, ते खिशातल्या लहानशा यंत्राने केले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने मात्र या यंत्राची दुसरी बाजूही दाखविली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी कृष्णामाई सत्तावन्न फुटांवर गेली. पाणी किती चढले, कोयनेतून किती सोडले, हे फोनवरून घरोघर कळत होते. पण बुडालेल्या भागात वीज गेली आणि फोन मुके झाले. तेव्हा उपयोगी पडली ती शेजाऱ्याची हाक. यंत्र आले म्हणून शेजार तोडू नये, हा त्यातला धडा.

शेजारच कशाला, खुद्द घरातले बोलणेही तुटू लागले आहे. २०१६ नंतर इंटरनेट अगदी स्वस्त झाले. करोनाच्या काळात शाळाच फोनमध्ये गेली, म्हणून आपणच मुलांच्या हाती फोन दिले. शाळा उघडल्या, तरी फोन हातातून सुटेना. यावर उपाय काढला तो आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने. गावातल्या महिलांच्या सभेत ठरले आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत प्रत्येक घरात फोन व टी.व्ही. बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन हे समजावले. बाहेरगावचे लोक हे पाहावयास आले. फोन फेकून न देता त्याला दीड तास खाली ठेवावयास लावणे, हा खरा शहाणपणा.

तथापि एक प्रश्न राहतोच. फोन खाली ठेवण्यासाठी तो आधी आपल्या हाती असावा लागतो! २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले, की स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया देशात शंभरांत सुमारे चौपन्नच आहेत. बाकीच्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा किंवा मुलाचा. आज बँकेतील पैशाची किल्ली फोनमध्ये आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. पैसे बाईच्या खात्यावर. पण खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्याचा असेल, तर पैसे आल्याचा निरोपही त्याला आणि ओ.टी.पी.ही त्यालाच. म्हणजे पुन्हा पत्र दुसऱ्यानेच वाचावयाचे!

या बाबतीत माण तालुक्यातल्या म्हसवडच्या भगिनींचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. चेतना सिन्हा यांच्याबरोबर त्या बँक काढावयास निघाल्या. निरक्षर बायका बँक काय चालविणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्यांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अर्ज केला, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अंगठ्याची सही जर नावाच्या सहीत बदलू शकते, तर फोनची चार बटणे आपल्याला का यावयाची नाहीत?

म्हणून माझी भगिनींना विनंती एवढीच. बँकेच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडावा. आलेला निरोप स्वतः वाचावयास शिकावे, आणि ओ.टी.पी. फोनवर कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नये. ज्यांना हे येते, त्यांनी मंडळाच्या दर बैठकीत एकीला तरी शिकवावे. आणि संध्याकाळी दिवेलागणीला तो खाली ठेवून मुलांशी चार शब्द बोलावेत. आपल्या आज्यांना मनातले सांगावयास शंभर कोसांवर साधन नव्हते. आपल्यापाशी ते आहे. तेव्हा नुसते ‘सर्व खुशाल’ म्हणून न थांबता आपण खरे बोलू या, आणि ते आपल्याच तोंडाने.