खंडविप्लव

खंडविप्लव : आजची खंडे एके काळी एकत्र होती व पुढे फुटून दूर सरकली, हा सिद्धांत. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेट व्हेगेनर (१८८०–१९३०) यांनी तो ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात मांडला. १९१५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मूळ महाखंडास पॅन्जिया आणि त्याच्या दक्षिण भागास गोंडवनभूमी म्हणतात. ‘गोंडवन’ हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आले असून एड्वार्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये ते दक्षिणेकडील प्राचीन खंडाला लावले.

किनाऱ्यांचे साम्य : आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे जुळतात, हे ऑर्टेलियस यांनी १५९६ मध्येच नोंदविले होते. खरी जुळणी किनाऱ्याची नसून समुद्रबूड खंडान्त उताराची आहे.

हिमनादेय पुरावा : हा सर्वांत बोलका पुरावा भारतात आहे. ओडिशातील तालचेर येथे हिरवट शेलमध्ये लहानमोठे धोंडे विस्कळीतपणे रुतलेले आढळतात. नदी गोटे आकारमानाप्रमाणे निवडून टाकते, हिमनदी तसे करीत नाही. म्हणून ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये हे थर बर्फाशी जोडले. चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगेच्या काठी या थराखालच्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे व खाचा आहेत. फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्फात अडकलेल्या दगडांनी सु. ३० कोटी वर्षांपूर्वी ओढलेल्या या रेघा आहेत. उन्हाळ्यात पारा ४५° से. पलीकडे जाणाऱ्या मुलखात बर्फ कसा, या प्रश्नाला स्थिर खंडांच्या भूगोलात उत्तर नव्हते. याच सुमाराचे हिमनादेय थर द. आफ्रिका, द. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही आहेत. खंडे एकत्र मांडली की ते सारे दक्षिण ध्रुवाभोवती येतात.

जीवाश्म : या हिमनादेय थरांवरच्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची, जाळीदार शिरांची पाने सापडतात. ती वर्धा खोऱ्यात आहेत, तशीच स्कॉट यांच्या तुकडीने १९१२ मध्ये अंटार्क्टिकात गोळा केलेल्या खडकांतही मिळाली. तिचे बी महासागर ओलांडण्याजोगे नव्हते, असा युक्तिवाद केला जातो. बिरबल साहनी यांनी १९३६ मध्ये पुरावनस्पतींच्या आधारे या सिद्धांताचा परामर्श घेतला. लिस्ट्रोसॉरस या सरीसृपसदृश भूचराचे जीवाश्म भारत व द. आफ्रिकेनंतर १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही मिळाले.

आक्षेप : खंडे हलविणारे बळ व्हेगेनर यांना दाखविता आले नाही, म्हणून जेफ्रीझ आदी भूभौतिकीविज्ञांनी सिद्धांत अमान्य केला. आर्थर होम्स यांनी प्रावरणातील अभिसरण प्रवाहांची कल्पना सुचविली. तिला तेव्हा फारसा प्रतिसाद मिळाला नाही. यंत्रणा सापडत नाही म्हणून खडकातला पुरावा बाजूला ठेवणे अयोग्यच होते.

पुराचुंबकत्व : दख्खनच्या बेसाल्टात थिजलेल्या चुंबकत्वावरून तो लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस ओतला गेला, हे १९५०–६० च्या दशकात दिसून आले.

पुढे हेस (१९६२) यांचे सागरतळ-प्रसरण आणि व्हाइन व मॅथ्यूझ (१९६३) यांचे चुंबकीय पट्टे यांतून भूपट्ट सांरचनिकी उभी राहिली व खंडविप्लव तिच्यात सामावला गेला. भारत आशियाला केव्हा भिडला, याबद्दल मतभेद आहेत, सर्वसाधारणतः सु. ५ कोटी वर्षांपूर्वीचा काळ धरतात. इरईसारखी घर्षित पृष्ठे थोडी आहेत. ती जपणे अगत्याचे आहे.