तांब्याच्या पत्र्यावरची गंगा

काशीच्या दशाश्वमेध घाटाचे टॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी केलेले छापचित्र ज्यांच्या पाहण्यात आले असेल, त्यांना पायऱ्या, देवळे, पाण्याकाठची माणसे व संथ गंगा आठवत असेल. हे दोघे १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले. तेथे देशी कारागिरांच्या साहाय्याने त्यांनी शहराची १२ दृश्ये छापली आणि १७८८ पासून गंगाकाठाने उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. १७९४ मध्ये मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात 'ओरिएंटल सीनरी'ची १४४ चित्रे निघाली. दशाश्वमेध त्यांतील पहिल्याच मालिकेत आहे.

ही कला समजून घेतल्याखेरीज चित्राची साक्ष काढू नये. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेषा ओढतात व त्या आम्लाने खोदून घेतात. ॲक्वाटिंटमध्ये याशिवाय राळेची भुकटी तापवून पत्र्यावर बसवितात. आम्ल कणांच्या फटींतून पत्रा खाते आणि तेथे शाई धरते. जितका वेळ आम्लात, तितकी छाया गडद. पाण्याला व धुक्याला ही रीत फार मानवते. नुसत्या रेषांत नदी कोरडी दिसते. छापताना डावे-उजवे उलटते, म्हणून पत्र्यावर नदी उलट्या बाजूस कोरावी लागते. रंग मात्र छपाईनंतर हाताने भरीत. म्हणजे आपण ज्या गंगेच्या रंगाचे कौतुक करतो, तो बहुधा गंगा न पाहिलेल्या हाताचा! घाटाच्या बांधणीविषयी चित्रावर अधिक भिस्त ठेवावी, कारण रेखाटनांसाठी डॅनियल मंडळी 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' ही अंधारपेटी वापरीत.

आम्हा इंदूरकरांना या चित्रांचे मोल निराळे आहे. काशीचे घाट बांधण्यात पेशवे, होळकर व भोसले यांचा मोठा वाटा. विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. डॅनियल काशीत आले तेव्हा बाई हयात होत्या, आणि ज्या १७९५ साली चित्रे निघू लागली त्याच साली त्या निवर्तल्या. त्यांच्या काळची काशी दाखविणारे साधन म्हणून ही पाने चाळावीत. शिंदे घाट मात्र त्यांत शोधू नये. तो बायजाबाईंचा, पुढच्या शतकातला, स्वतःच्याच भाराने खचलेला.

याच ग्रंथमालेतील वेरूळची चित्रे १८०३ ची. त्यांची मूळ रेखाटने पुण्यात पेशव्यांच्या पदरी चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सची होती. तोही १७९५ मध्येच ठाण्यास वारला.