दुधाचे भांडे आणि बाळाचे यकृत

यकृताच्या जुनाट विकारांचे नाव काढले की आज दारू आणि हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंची आठवण होते. परंतु याच अवयवाच्या एका रोगाने आपल्या देशात एके काळी धड चालूही न लागलेली बालके दगावत असत. लोक या दुखण्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत; वैद्यकात त्यास ‘भारतीय बालसिरोसिस’ हे नाव पडले. त्याचा उलगडा होण्यात पुणे शहराचा मोठा वाटा आहे. म्हणून पिशोरसारख्या गावातील विद्यार्थ्यांनी व पालकांनी हा इतिहास जाणून घेणे उचित ठरेल.

या रोगाचे वर्णन १८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी केले होते. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे. पुढे कावीळ आणि जलोदर झाला की बहुतेक मुले काही महिन्यांत जात. घरात एक मूल गेले की पुढच्या भावंडालाही तेच होण्याची धास्ती असे. कोणी विषाणूला दोष दिला, कोणी कुपोषणाला, कोणी धान्यावरील बुरशीच्या विषाला, तर कोणी आनुवंशिकतेला. जवळजवळ शंभर वर्षे नक्की उत्तर सापडले नाही.

१९७८-७९ मध्ये या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत तांब्याचे प्रमाण अतोनात आढळले. निरोगी यकृताच्या वाळलेल्या १ ग्रॅम भागात तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते शेकडो, कधी हजाराच्याही वर होते. आता प्रश्न उरला तो एवढाच की, इतक्या लहान जिवाच्या पोटात इतके तांबे आले कोठून?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह मुलांच्या आयांना विचारले: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, आणि ते कोणत्या भांड्यात तापवले व ठेवले? आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते बहुधा पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यातले होते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यातील तांबे दुधातील प्रथिनांना चिकटते व बाळाच्या पोटात जाते. तान्ह्या बाळाचे यकृत पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्यास पुरते समर्थ नसते, त्यामुळे ते साठत जाते. आईच्या दुधात मात्र तांबे अल्पच असते. हे निष्कर्ष १९८३ साली ‘लान्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

केवळ तांबेच कारण की जन्मजात दोषाचीही जोड लागते, यावर पुढेही मतभेद राहिले. परंतु ऑस्ट्रियातील तिरोल प्रांताच्या १९९६ मधील अहवालाने पुण्याच्या अनुमानाला बळकटी आली. तेथेही १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावली होती, आणि तांब्याची भांडी मागे पडल्यावर रोगही नाहीसा झाला.

आपल्या जुन्या माणसांना याची अर्धी जाण होती. भाता आणि नवसागर घेऊन गावोगाव फिरणारा कल्हईवाला भांड्याला कथिलाचा मुलामा देई, आणि अन्न कळकू नये म्हणून ते जरुरीचे आहे हे प्रत्येक गृहिणी जाणत असे. या धंद्यात मुसलमान कारागीरही अनेक होते. कल्हई उडालेल्या भांड्यात तापवलेले दूध बाळाच्या यकृताला घातक ठरू शकते, हे मात्र ठाऊक नव्हते.

पुढे स्टीलची भांडी घरोघर आली, अंगावर पाजण्याचा सल्ला सर्वत्र दिला जाऊ लागला, आणि १९९० नंतर हा रोग दुर्मिळ झाला. तांबे शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन औषधाने, ते वेळेवर मिळाल्यास, काही मुले वाचली. परंतु खरा विजय भांडे बदलल्याचा होता.

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली सापडला. तो रक्तावाटे पसरतो. त्यावर लस नाही, पण बहुतेक रुग्ण गोळ्यांनी बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्याची तपासणी व उपचार मोफत आहेत. तेथेही डॉक्टर रुग्णाला आधी काही प्रश्न विचारतात: रक्त कधी चढवले होते काय? सुई नवी होती काय? अशा प्रश्नांचे महत्त्व ओळखून नेमके उत्तर देणारी आई आणि मुलगी घरोघर असावी, याकरिताच मुलींना शाळेत पाठवावयाचे असते.