शीळ आणि शीय

माझी आत्या हे गाणं 'शीय' म्हणूनच ओळखायची. आमच्या पश्चिम वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी, तशी शीळेची शीय. आत्याचं सासर चिखली तालुक्यातलं, शिक्षण दुसरीपर्यंतचं. गाणं कुणाचं म्हणून विचारलं, की म्हणायची, "आपलंच हाये, बायायचं." ते मेहकरच्या एका वकिलानं लिहिलंय, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. "बाईच्या मनातलं वकिलाले कसं कयलं?"

तिचा प्रश्न साधा होता. मला मात्र त्यानं पंचवीस वर्षं कामाला लावलं.

ते वकील म्हणजे ना. घ. देशपांडे. जन्म 1909 चा. आयुष्य मेहकरात, पैनगंगेकाठच्या या गावात वकिली करण्यात गेलं. 'शीळ' ही त्यांच्या तरुणपणातली कविता. बोलणारी खेड्यातली प्रेमिका. प्रियकराची शीळ रानातून ऐकू येते आणि तिची तारांबळ उडते. त्या काळी अशा जानपद गीतांची लाट होती आणि रविकिरण मंडळाचे कवी स्वतःच्या कविता सभांमधून गाऊन दाखवत. कविता कानानं ऐकायची सवय मराठी माणसाला लागत होती ती अशी.

मग जी. एन. जोशी आले. हेही 1909 चेच आणि कायद्याचेच पदवीधर. (या गाण्याच्या कुंडलीत वकिली दोन्हीकडून आहे.) 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हिज मास्टर्स व्हॉइसनं त्यांच्या आवाजात 'शीळ'ची तबकडी काढली. 1932 साली 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला, त्याच सुमाराची ही गोष्ट. तोवर मराठी तबकड्यांवर सत्ता होती नाट्यपदांची. नाटक नाही, सिनेमा नाही, मागे कुठली कथा नाही, नुसती एक कविता तबकडीवर चालू शकते, हे 'शीळ'नं दाखवलं. जोशींना पहिले भावगीत गायक म्हणतात ते यामुळे. पुढे गजानन वाटव्यांनी ही वाट रुंद केली. आज सिनेमातल्या प्रेमगीतांबद्दल आपण भरभरून लिहितो. पण पडद्यावर कुणी ओठ हलवत नसताना घराघरांत शिरलेलं हे प्रेमगीत माझ्या मते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मानाचं आहे.

जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. संतूर, बासरी आणि गिटार यांची 1960 च्या दशकातली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही गाजलेली तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. तिच्यातही रानातला एक दिवस आहे, पण तो काश्मीरच्या मेंढपाळाचा.

आता गंमत पाहा. 'शीळ' हा कवितासंग्रह छापून आला 1954 साली. म्हणजे तबकडी आधी आणि पुस्तक वीस वर्षांहून अधिक काळानंतर! या मधल्या काळात कविता लोकांकडे होती ती कानावाटे. कानावाटे आलेल्या गोष्टीवर कवीचं नाव टिकत नाही. चाल टिकते, शब्द थोडेफार टिकतात, गाणाराही लक्षात राहतो, लिहिणारा गळतो. ना. घं.च्या 'खूणगाठी'ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हाही आत्याच्या गावात कुणाला पत्ता नव्हता, की आपल्या अंगणातलं गाणं या माणसाचं आहे.

मला ती तबकडी खामगावात भंगारच्या दुकानात मिळाली. खामगावला कापसासाठी 1870 मध्येच जलंबहून आगगाडीचा फाटा आला होता. मेहकरला रेल्वे आजही नाही. त्यामुळे मेहकरात लिहिलेलं गाणं मुंबईच्या कंपनीकडून रेल्वेनं खामगावात उतरून पुन्हा घाट चढून परत आलं असेल, असं चित्र मी मनाशी रंगवतो. तबकडी लाखेची, कडेला तडा गेलेली. एका मित्राच्या चावीच्या फोनोवर ती लावली आणि कॅसेटवर उतरवून आत्याकडे नेली.

ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "गयाले गोड हाये मानूस. पन लई घाई हाये याले."

मी हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं, की म्हातारीनं बरोबर बोट ठेवलं होतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. बाजू संपण्याआधी गाणं संपवावंच लागतं. आत्याला तसली अडचण नव्हती. ती शेंगा फोडताना गायची. टोपलं रिकामं होईस्तोवर 'शीय' चालायची. प्रत्येक कडव्यानंतर थांबायची, जणू पलीकडून उत्तराची शीळ येते का ते ऐकायला. चाल जोशींचीच, पण सैल केलेली. अलीकडच्या भावगीतांच्या कार्यक्रमांत 'शीळ' सुरुवातीला मानानं गायली जाते, मागे कीबोर्ड असतो. ती मी आवडीनं ऐकतो. पण तो थांबा तिथे सापडत नाही.

ना. घं. 2000 साली गेले. चिखलीहून मेहकर एस. टी.नं फार तर दीड तास. मी नव्वदच्या दशकात कॅसेट घेऊन कधीही जाऊ शकलो असतो. त्यांना म्हणू शकलो असतो, वकीलसाहेब, तुमची 'शीळ' आमच्याकडे कशी गातात ते ऐका. तेव्हा आधी टिपणं पूर्ण करू म्हणत राहिलो. आत्याचा आवाज मात्र त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. मध्ये एकदा कोंबडं आरवतं, आणि ती गाणं तोडून त्याला हाकलते.