जाधव, नामदेव

(१८ नोव्हेंबर १९२१–२ ऑगस्ट १९८४). दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा सैनिक. जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज (ता. संगमनेर) येथे. संगमनेरवरून प्रवरा खाली बेलापूरकडे वाहत जाते. त्या खोऱ्यातील या शिपायाचे नाव झाले ते मात्र उत्तर इटलीतील सेनिओ नदीवर.

ते ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे ‘जंगी पलटणी’त होते. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. या डिव्हिजनचा आणि कॅनडाच्या सैन्याचा इटलीत वारंवार शेजार घडला. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीवर दोघांच्या आघाड्या लगतच्या होत्या. मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडताना भारतीय पायदळाला कॅनडाच्या रणगाड्यांची साथ होती. १९४४ च्या अखेरीस कॅनडाची कोअर सेनिओपर्यंत पोहोचली. हिवाळाभर ती तिथेच अडकली आणि फेब्रुवारी १९४५ पासून वायव्य युरोपकडे हलवली गेली. सेनिओचे उंच पूरबांध जर्मनांनी आतून पोखरून तटबंदीसारखे वापरले होते.

९ एप्रिल १९४५ रोजी सान पोलितोच्या उत्तरेस मराठ्यांनी हल्ला केला. कंपनीचे निरोपे असलेले जाधव कंपनी कमांडरच्या तुकडीबरोबर चार-पाच फूट पाण्यातून पलीकडे निघाले. पूर्वेकडील बांधाच्या आतल्या उतारावरून, म्हणजे पाठीमागून, मशीनगन सुरू झाल्या. कमांडर व दोघे जखमी झाले. बाकीचे ठार झाले. धडधाकट राहिले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगपट्ट्यातून सुरक्षित जागी नेले आणि दुसऱ्यासाठी पुन्हा परत आले. पुढचा हल्ला अधिक गाजला. पण वाट आणि धोका दोन्ही ठाऊक झाल्यावर केलेली ही दुसरी फेरी त्याहून अवघड म्हणावी लागेल. त्यानंतर त्यांनी पहिले मशीनगन ठाणे बंद पाडले. हाताला जखम झाल्याने टॉमीगन टाकून दिली आणि हातबाँबच्या जोरावर आणखी दोन ठाणी संपवली. मध्ये बाँब संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून नवे आणले. शेवटी तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. पलटणीने पलीकडे पाय रोवले.

याच दिवशी सेनिओवरच दाखवलेल्या शौर्याबद्दल फ्रंटियर फोर्स रायफल्सचे अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव पुढे हवालदार झाले. इटलीच्या आघाडीवर मरण पावून दहन झालेल्या सातशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे फोर्ली येथील स्मारकावर कोरलेली आहेत.